फोटोचा सातबारा

सकाळी सकाळी कुणी मोबाईलवर ‘शुभ सकाळ’ म्हणून गुलाबाचं फूल पाठवलं, तर आपण एक तर तेच फूल पुढे ढकलतो, नाही तर दोन हात जोडून मोकळे होतो. भाऊसाहेब उलट विचारायचे, “सदर फूल कोणी काढले आहे?” त्यांच्या साडूंनी एकदा वैतागून उत्तर दिलं, देवाने. त्यावर भाऊसाहेबांनी लिहिलं, “देवाचे संमतिपत्र सोबत जोडावे.” शेवटी नातेवाइकांनी त्यांना वगळून दुसरा ग्रुप काढला. भाऊसाहेबांना त्याचं काडीचं दुःख झालं नाही. त्या ग्रुपात सगळं अतिक्रमणच हुतं, म्हणाले.

आमच्याकडे तलाठ्याला भाऊसाहेब म्हणतात. नोकरी संपली तरी ‘भाऊसाहेब’ काही संपत नाही, ते माणसाबरोबर पेन्शनीत जातं. हे भाऊसाहेब मूळचे कर्जत तालुक्यातले. सगळी हयात सातबारा, फेरफार, वारसनोंदी यांत घालवून सावेडीत फ्लॅट घेऊन राहिले होते. पुण्याच्या मुलाने वेळ जायला म्हणून कॉम्प्युटर आणून दिला, आणि कॉम्प्युटरवर त्यांना तो मराठी ज्ञानकोश सापडला, ज्यात कुणीही लिहावं आणि कुणीही दुरुस्त करावं. बाकीचे लोक तिथे लेख लिहितात. भाऊसाहेबांनी आयुष्यात एकही लेख लिहिला नाही. ते फक्त लोकांनी चढवलेली चित्रं तपासायचे. त्यांचं तिथलं सदस्यनावच ‘तलाठी’ होतं. एखाद्या चित्राचा मालक कोण हे कळल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

माझी त्यांची ओळख अशाच एका नोटिशीने झाली. मी शाळेत मराठी शिकवते. माझे पप्पा प्राथमिक शिक्षक होते, पण गावोगाव त्यांना ओळखत ते कीर्तनकार म्हणून. ख्रिस्ती कीर्तनकार. अंगरखा, फेटा, हातात चिपळ्या, आणि उत्तररंगात उधळ्या पुत्राची गोष्ट. आमच्या भागातल्या या कीर्तनांवर ज्ञानकोशात धड चार ओळी नव्हत्या. पप्पा गेले होते, आणि त्यांच्याबरोबर टाळ धरलेली माणसंही एकेक करून जात होती. मी उन्हाळ्याच्या सुट्टीत बसून जुनी कात्रणं, चर्चच्या मंडळीच्या स्मरणिका गोळा केल्या आणि पप्पांवर लेख लिहिला. वर आमच्या भिंतीवरचा फोटो लावला. मिरजगावच्या बाजारात पप्पा कीर्तन करताहेत, उजवा हात वर, चिपळ्या वाजण्याच्या बेतात. चहा गाळून होतो न होतो तोच संदेश आला: “सदर चित्राच्या मालकीबाबत सात दिवसांत खुलासा करावा. अन्यथा चित्र वगळण्यात येईल, याची नोंद घ्यावी. – तलाठी.”

माझं डोकं फिरलं. माझे पप्पा, माझी भिंत, माझी फ्रेम, आणि हा कोण तलाठी? मी लिहिलं, नुसता एक फोटो तर आहे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दारात एक गृहस्थ उभे. पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत फाइल. माझा पत्ता त्यांना शोधावा लागलाच नव्हता. मी सावेडीत राहते हे मीच ज्ञानकोशातल्या माझ्या पानावर हौसेने लिहून ठेवलं होतं, आणि सावेडीत कीर्तनकार मास्तरांची मुलगी कुठे राहते हे कुणीही सांगितलं असतं. पाणी घ्यायच्या आधी ते म्हणाले, “बाई, नुसतं मीठ असतं, नुसता भात असतो. नुसता फोटो नसतो.”

‘नुसता’ या शब्दावर त्यांचा फार राग होता. नुसती सही, नुसता शिक्का, नुसती एक ओळ असं कुणी म्हणालं, की त्यांच्या कपाळावर आठी पडायची. गावाचं वाटोळं होतं ते या एका शब्दाने होतं, असं त्यांचं ठाम मत होतं.

मग त्यांनी मला फोटोचा कायदा समजावला. ज्याने कळ दाबली, त्याची मालकी. आपल्या भिंतीवर किंवा मोबाईलमध्ये फोटो असणं म्हणजे निव्वळ ताबा. ताबा आणि मालकी यांत घोळ केला की कोर्टाची पायरी आलीच. मात्र पैसे देऊन फोटो काढून घेतला असेल, तर मालकी पैसे देणाराची. मला एकदम हायसं वाटलं. तेवढ्यात आतून आई बाहेर आली. आईला ऐकू कमी येतं, पण पप्पांचं नाव निघालं की कुठूनही ऐकू येतं. भाऊसाहेबांनी विचारलं, मास्तरांनी फोटोचे पैसे दिले होते का? मी आईला डोळ्यांनी खुणावत होते. पण आईचा स्वाभिमान दुखावला होता. “पैसे? एक पैसा दिला नाही,” आई म्हणाली. “बबनराव फोटोवाल्याने स्वतःहून काढला. त्याच्या दुकानाच्या काचेत लावला होता वर्षभर. यांना एक प्रत भेट दिली, हात जोडून.”

भाऊसाहेबांनी आईचा जबाब शब्दशः लिहून घेतला आणि आईला दाखवून खाली तिची सही घेतली. आईने अशा थाटात सही केली, की जणू पप्पांना पुरस्कार मिळाला होता.

मी शेवटचं हत्यार काढलं. ज्ञानकोशात ‘उचित वापर’ नावाची एक सोय असते, असं मी वाचलं होतं. माणूस हयात नाही, दुसरा फोटो मिळण्यासारखा नाही, तर दुसऱ्याच्या मालकीचं चित्रही माहितीपुरतं वापरता येतं. भाऊसाहेब खूश झाले. विद्यार्थ्याने स्वतः उत्तर काढलं की मास्तर होतो तसे. म्हणाले, उचित वापर म्हणजे दुसऱ्याच्या रानातून जायची वाट. पायी जा, बैलगाडी न्या, कुणी अडवणार नाही. पण म्हणून त्या वाटेवर ज्वारी पेरायची नाही. चित्र लहान ठेवायचं, एकाच लेखात वापरायचं, आणि का वापरलं ते खाली लिहायचं.

तसं त्यांनी स्वतः करून दिलं. पप्पा टपाल तिकिटाएवढे झाले. त्या आकारात चिपळ्या दिसेनात, वर केलेला हात तेवढा दिसे, आणि पप्पा हातात वडापाव घेऊन कुणाला तरी हाक मारताहेत असं वाटे. आठवीतल्या एका मुलीने मला विचारलं, बाई, तुमच्या पप्पांचं हॉटेल होतं का? मी घरी येऊन रडले. हे मी भाऊसाहेबांना सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, वाट ही अडल्या-नडल्याची सोय. मालक भेटत असेल तर आधी त्याचं दार वाजवावं. आपण वाजवलं का?

भाऊसाहेबांचं असं होतं. ते अडवायचे, पण अडवून घरी जायचे नाहीत. आमच्या शाळेत एकदा मुलांना ज्ञानकोशात कसं लिहायचं ते शिकवायला त्यांना बोलावलं होतं. एका मुलाने भुईकोट किल्ल्याचा झकास फोटो चढवला. कुठून घेतला विचारलं तर म्हणाला, नेटवरून. भाऊसाहेबांनी गंभीरपणे विचारलं, “नेट हे गाव कंच्या तालुक्यात येतं?” सगळा वर्ग हसला. पण पुढच्याच रविवारी भाऊसाहेब त्या मुलाला घेऊन किल्ल्यावर गेले आणि त्याच्याकडून त्याचा स्वतःचा फोटो काढून घेतला. तो थोडा वाकडा आहे, पण आजही लेखात आहे.

ते स्वतःही फोटो काढायचे. गावोगावच्या वेशी, बारवा, ग्रामपंचायतीच्या पाट्या. त्यांच्या प्रत्येक फोटोच्या डाव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा यायचा. मी एकदा दाखवून दिलं, तर म्हणाले, असू द्या. अंगठा उठवलाय म्हणजे कुनी दावा सांगायला नको. स्वतः मात्र ते कुणाच्या फोटोत कधी आले नाहीत. कुणी मोबाईल वर केला की ते चपला शोधायला लागायचे.

तर आम्ही दार वाजवायला निघालो. बबनराव फोटोवाले जाऊन वीसेक वर्षं झाली होती. म्हणजे आता वारस शोधायचे. वारस म्हटल्यावर भाऊसाहेबांच्या अंगात पुन्हा सरकारी नोकरी संचारली. मिरजगावचा सज्जा, म्हणजे तलाठ्याची हद्द, त्यांच्याकडेच होता त्या काळात. बबनरावांच्या तीन एकरांची नोंद मीच घातलीय, म्हणाले, वारस तोंडपाठ हायेत, दोन मुलं. संमतिपत्रही त्यांनीच तयार केलं. ज्ञानकोशाचा साधा अर्ध्या पानाचा नमुना होता. भाऊसाहेबांनी त्याची दोन पानं केली आणि फोटोच्या चतुःसीमा घातल्या: पूर्वेस पेटीवाला, पश्चिमेस तबलजी, उत्तरेस कंदील, दक्षिणेस बसलेले श्रोते, येणेप्रमाणे चतुःसीमापूर्वक फोटो. मी म्हटलं, याची काय गरज? ते म्हणाले, उद्या कुणी कंदिलाच्या पलीकडं सरकला तर?

मिरजगावच्या दोन्ही भावांनी चहा पाजून सह्या दिल्या. वडिलांच्या फोटोंच्या पेट्या कुठे आहेत हेही त्यांना ठाऊक नव्हतं. माझ्या दृष्टीने काम झालं होतं. मी स्कूटरची किल्ली फिरवली, पण भाऊसाहेब मागे बसेनात. फाइल उघडून फाटकाशी उभे राहिले. म्हणाले, तिसरी सही राहिली. मी म्हटलं, दोनच वारस म्हणाला होतात ना?

“मुलगी हाय एक. सुपं गावात दिलीय,” ते म्हणाले. “तिनं हक्क सोडला, सातबाऱ्याला नाव लागलं न्हाई, म्हनून माझ्या ध्यानातनं गेली. पन बाई, तिनं जमिनीचा हक्क सोडला. फोटोचा कुटं सोडलाय?”

त्या क्षणी मला त्यांचा कंटाळा आला होता, हे कबूल केलं पाहिजे. दोन सह्यांवर कुणीही भागवलं असतं. पण पुढच्या रविवारी आम्ही पुणे रोडने सुप्याला गेलो. स्कूटर मी चालवत होते, भाऊसाहेब मागे, आणि आमच्या दोघांच्या मध्ये ती फाइल बांधासारखी आडवी.

सुमनताई तिथल्या कारखान्यांतल्या कामगारांसाठी खानावळ चालवत होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, कपाळावर घाम, हाताला पीठ. त्यांनी आम्हाला बाकावर बसवलं. मी फोटो दाखवला. वडिलांनी काढलेला फोटो म्हटल्यावर त्यांनी हात धुतले, पुसले आणि मगच तो हातात घेतला. बराच वेळ पाहिला. पप्पांचं कीर्तन त्यांनी लहानपणी ऐकलं होतं. कंदील धरायला मीच हुते, म्हणाल्या. मग त्यांनी भाऊसाहेबांकडे पाहिलं, आणि बघतच राहिल्या.

भाऊसाहेबांनी दोन पानं पुढे केली, पेन उघडून दिलं, सहीच्या जागेवर बोट ठेवलं. हे सगळं इतक्या सरावाने झालं, की मलाही काही वाटलं नाही. सुमनताईंनी पेन घेतलं नाही.

“तुमी मिरजगावला तलाठी हुता ना?” त्या म्हणाल्या. “राखीला आल्ते मी. भावांनी चावडीत नेलं. तुमी असंच बोट ठिवलं हुतं. मी इचारलं, भाऊसाहेब, काय लिवलंय ह्यात? तर तुमी म्हनला, काय न्हाई ताई, नुसता फेरफार हाय.”

म्हणजे जमिनीचा हक्क त्यांनी न कळताच सोडला होता. मी भाऊसाहेबांकडे पाहायचं टाळलं. त्यांच्या तोंडून तो शब्द कधी गेला असेल, हे मला खरंच वाटेना. त्यांनाही वाटत नसावं. पण त्यांनी नाही म्हटलं नाही, मला आठवत नाही असंही म्हटलं नाही. हजारो नोंदी घातलेला माणूस, त्याला कशी आठवणार एक सही? ज्या शब्दावर ते जगाशी भांडत होते, तो त्यांचाच होता.

मग ते उठून उभे राहिले. चष्मा लावला आणि संमतिपत्र मोठ्याने वाचायला लागले. पहिल्या ओळीपासून. फोटो कुणी काढला, त्याचे वारस किती, सही केल्यावर तो कोण कोण वापरू शकेल, कुणाची परवानगी लागणार नाही, फक्त नाव द्यावं लागेल. प्रत्येक वाक्यानंतर थांबून ते विचारत, ताई, कळलं का? जेवायला आलेले चार कामगार भाकरी हातात धरून ऐकत होते. पूर्वेस पेटीवाला आल्यावर सुमनताई मध्येच म्हणाल्या, पेटीवाला न्हवं, पेटीवाली. अंदारात वळखू येत न्हाई, पन पाद्र्याची बायको हुती ती. भाऊसाहेबांनी तिथल्या तिथे खोडून दुरुस्ती केली आणि बाजूला सही केली. इतक्या वर्षांत त्यांच्या कागदावर कुणी पक्षकाराने हरकत घेऊन ती मान्य झाल्याचं ते पहिलंच प्रकरण असावं.

वाचून झाल्यावर ते म्हणाले, “तवा वाचून दावायला पायजे हुतं. माझं चुकलं, ताई.”

सुमनताई माफ केलं वगैरे काही म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, नाव कुणाचं टाकणार? वडिलांचं, भाऊसाहेब म्हणाले. “आन् माझं?” त्या म्हणाल्या. “कंदील माझ्या हातात हुता. मी हालले असते तर फोटो निगाला असता का?” नियमात कंदील धरणाराला जागा नाही. भाऊसाहेब, ज्यांनी देवाकडे संमतिपत्र मागितलं होतं, त्यांनी पेन काढून लिहिलं: “छायाचित्र: बबनराव. प्रकाश: त्यांची कन्या सुमन.” मग सुमनताईंनी सही केली. सावकाश, पूर्ण नावाची.

निघताना त्यांनी माझा मोबाईल मागितला आणि भाऊसाहेबांना दारातल्या उजेडात उभं राहायला सांगितलं. ते चपला शोधायला लागले. पण त्या दिवशी त्यांना नाही म्हणायची सोय नव्हती. वडिलांनी कधी कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही, पण कसं उभं करायचं हे बाईंना पक्कं माहीत होतं. हनवटी खाली, खांदा सैल, कागुद ऱ्हाऊ द्या हातात. त्यांनी कळ दाबली. भाऊसाहेबांचा अंगठा नसलेला आणि भाऊसाहेब असलेला तो एकमेव फोटो. त्यात ते ओशाळलेले दिसतात, आणि फार चांगले दिसतात.

पप्पा आता ज्ञानकोशात मोठे आहेत. चिपळ्या दिसतात, पेटीवाली दिसते, कंदील दिसतो. आई रोज एकदा मोबाईलवर बघते आणि बबनरावाने एक पैसा घेतला नाही, हे कुणी नवीन भेटलं की सांगते.

पुढच्या उन्हाळ्यात भाऊसाहेब गेले. चारच दिवस दवाखान्यात होते. आदल्या आठवड्यात त्यांनी एका आमदाराचा फोटो वगळला होता आणि त्या आनंदात होते. मला त्यांची सवय झाली होती. अजूनही काही चढवलं, की मी नोटिशीची वाट बघते. ती येत नाही, आणि चहा गोड लागत नाही.

दहाव्याच्या आधी त्यांच्या मुलाचा फोन आला. चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावायचा होता आणि घरात भाऊसाहेबांचा एकही फोटो नव्हता, ओळखपत्रावरचा सोडून. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की माझ्याकडे आहे. मी म्हटलं, आहे, पण माझा नाही. सुप्याच्या एका बाईंना विचारावं लागेल. मुलगा दमलेला होता. म्हणाला, “काकू, नुसता फ्लेक्स तर आहे.”

“नुसता म्हणजे काय रे?” मी म्हटलं.

सुमनताईंना फोन लावला. भाऊसाहेब गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, द्या. पन नाव टाका.

तेव्हा कुठे सावेडीच्या चौकात तो फ्लेक्स लागला. वर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, मधोमध हातात कागद घेतलेले भाऊसाहेब, खाली शोकाकुल म्हणून नगरसेवकापासून साडूंपर्यंत सगळे, आणि उजव्या कोपऱ्यात वडिलांच्या आडनावासकट सुमनताईंचं पूर्ण नाव, आधी ‘छायाचित्र:’. फ्लेक्सवाल्याने मला दोनदा विचारलं होतं, हे शोकाकुलात घालू का? येणारे-जाणारे विचारत होते, ह्या कोण? सुनेकडच्या का?

दहाव्याला सुमनताई आल्या. खानावळ बंद ठेवून, एसटीने. घरी जायच्या आधी फ्लेक्ससमोर थांबल्या आणि वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं, एक ओळ सोडली नाही. शोकाकुलांची यादीसुद्धा. मी शेजारी उभी राहिले. शेवटी उजव्या कोपऱ्याशी येऊन त्यांनी स्वतःच्या नावाखाली बोट ठेवलं, अगदी भाऊसाहेब ठेवायचे तसं.

“लागलं बगा नाव,” त्या म्हणाल्या.